रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा तुम्ही वाचल्या असतील. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही थोर गणिती होते. त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला, म्हणजे आपल्या निपाणीहून तासाभराच्या वाटेवर. मुंबईत बी.एस्सी. होऊन शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये रँग्लर झाले.

तिथे त्यांना एडिंग्टन यांचा सहवास लाभला. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किंचित वळतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत १९१९ च्या खग्रास ग्रहणात पडताळून पाहणारे ते हेच एडिंग्टन.

पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून नारळीकर १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती! सापेक्षतावाद हे नुसते कागदावरचे गणित, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. विषय बदलला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी तो सोडला नाही, आणि विद्यार्थ्यांनाही त्याची गोडी लावली. १९४२ मध्ये गुजरातेतून प्र. चु. वैद्य हे तरुण साठवलेल्या पैशांवर, बायको-मुलीसह, खास त्यांच्याकडे शिकायला बनारसला आले. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे गणित वैद्यांनी तिथे सोडवले, ते आज जगभर त्यांच्याच नावाने शिकवतात. शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते?

१९६० नंतर नारळीकर काही वर्षे अजमेरला राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी पुन्हा गणित शिकवले. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

ते कागदावरचे गणित आज दुर्बिणीवर बसणाऱ्यांना पदोपदी लागते. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट. त्यांतल्या एका प्रकारचे खरे तेज ठाऊक असते, म्हणून दिसणाऱ्या तेजावरून त्याचे अंतर काढता येते. पण वाटेत एखादी मोठी दीर्घिका आली, की ती भिंगासारखी प्रकाश वळवते. मग स्फोट आहे त्याहून तेजस्वी दिसतो आणि अंतराचा हिशेब चुकतो. ती चूक दुरुस्त करायची तर सापेक्षतावादच हवा.

२०१४ मध्ये हबल दुर्बिणीला दीर्घिकांच्या एका समूहामागे एकाच सुपरनोव्हाची चार चित्रे दिसली. त्याचा काही प्रकाश लांबच्या वाटेने अजून यायचा होता. तो कुठे आणि साधारण कधी दिसेल हे शास्त्रज्ञांनी आधीच गणित मांडून सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये नेमके त्याच जागी आणखी एक चित्र उमटले.