एका खोलीतील दोन पंतोजी

स्वित्झर्लंड देशात बर्न शहराच्या ईशान्येस बुर्गडॉर्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. टेकडीवर जुना किल्ला, किल्ल्याच्या आश्रयाने वसलेली सुखवस्तू नागरिकांची वस्ती आणि खालच्या अंगाला, ज्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते अशा गोरगरिबांची घरे, अशी या गावाची अठराव्या शतकाच्या अखेरीस रचना होती. खालच्या वस्तीतील मुलांसाठी एक शाळा होती. शाळा म्हणजे स्वतंत्र इमारत नव्हे. सामुएल डिस्ली नावाचा एक कारागीर आपल्या राहत्या घरातील खोलीत ती चालवीत असे. त्याचा मूळ धंदा जोडे शिवण्याचा. पंतोजीपण हा त्याला जोड म्हणून. धर्माची प्रश्नोत्तरे आणि स्तोत्रे मुलांकडून घोकून घ्यावीत, चुकेल त्याला शिक्षा करावी, एवढीच त्याची शिकविण्याची रीत होती. त्या काळी युरोपातील बहुतेक खेड्यांत शाळा अशाच चालत.

१७९९ सालच्या उन्हाळ्यात या खोलीत आणखी एक शिक्षक दाखल झाला. त्याचे वय ५३ वर्षांचे होते. केस विस्कटलेले, गळपट्टा एका बाजूला सरकलेला, चालणे घाईचे आणि काहीसे वेंधळे. हस्ताक्षर वाईट, शुद्धलेखन बेताचे. त्याला पाहून हा कोणी मोठा मनुष्य असेल, अशी शंकासुद्धा कोणास आली नसती. परंतु याच मनुष्याने लिहिलेली एक कादंबरी जर्मन भाषा जाणणाऱ्या प्रदेशांत घरोघर वाचली गेली होती, आणि सातच वर्षांपूर्वी फ्रान्सच्या विधिमंडळाने जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या पुरुषांच्या बरोबरीने त्याला आपले सन्माननीय नागरिकत्व बहाल केले होते. त्याचे नाव योहान हाइन्रिख पेस्टालॉझी.

एवढा नामांकित मनुष्य एका कारागिराच्या हाताखाली मुळाक्षरे शिकविण्यास का आला, असा प्रश्न तुमच्या मनात सहज येईल. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

पेस्टालॉझीचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झुरिच शहरात झाला. वडील शल्यवैद्य होते. पण मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. आई आणि बाबेली नावाची एक निष्ठावंत मोलकरीण या दोघींनी त्याला वाढविले. मरणोन्मुख धन्याला दिलेल्या वचनाखातर बाबेलीने ते घर कधी सोडले नाही. पैन् पैची काटकसर करून तिने संसार चालविला. बाहेर खेळून कपडे फाटतील म्हणून ती मुलांना फारसे बाहेर सोडीत नसे. त्यामुळे हा मुलगा मायाळू झाला, तसाच व्यवहारात कच्चाही राहिला. शाळेतील सोबती त्याला वेड्यांच्या गावचा विचित्र पाहुणा अशा अर्थाच्या नावाने चिडवीत. एकदा शहरात भूकंपाचा धक्का बसला. शिक्षक आणि विद्यार्थी जीव घेऊन खाली पळाले. मागे राहिलेली सर्वांची पुस्तके व टोप्या आणण्यासाठी मुलांनी पुन्हा वर पाठविले ते याच भोळ्या हाइन्रिखला, आणि तो गेलाही.

सुटीत तो आजोबांकडे जाई. आजोबा जवळच्या खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर गरिबांच्या झोपड्यांतून फिरताना तेथील मुलांची दशा त्याच्या मनात खोल रुतून बसली. पुढे आन्ना शुल्टहेस या सुशिक्षित तरुणीशी १७६९ मध्ये त्याचा विवाह झाला. बिर् या गावाजवळ जमीन घेऊन त्याने शेती आरंभिली; ती बुडाली. त्याच घरात अनाथ व भिकारी मुले आणून त्यांना सूतकताई व लेखनवाचन शिकविण्याचा उद्योग त्याने केला. तोही १७८० मध्ये कर्जापायी बंद पडला. पत्नीच्या माहेरचा पैसाही त्यात गेला. १७८१ साली त्याची ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ ही कादंबरी गाजली. लोकांनी ती मोठ्या चवीने वाचली; तिच्यातील शिक्षणाचा विचार मात्र फार थोड्यांनी मनावर घेतला.

१७९८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंच सैन्याने श्टान्स या गावाची राखरांगोळी केली. शेकडो मुले पोरकी झाली. सरकारने तेथे अनाथालय उघडून ते पेस्टालॉझीच्या स्वाधीन केले. एका मठाच्या अपुऱ्या इमारतीत, केवळ एका स्वयंपाकिणीच्या मदतीने, त्याने सुमारे ८० मुलांचा सांभाळ केला. खरूज झालेली, उपाशी, भेदरलेली ती मुले. तो त्यांच्यातच जेवे आणि त्यांच्यातच झोपे. पाच महिन्यांत मुलांचे चेहरे पालटले. आणि तेवढ्यात सैन्याला रुग्णालयासाठी जागा हवी म्हणून तो मठ रिकामा करण्यात आला. पेस्टालॉझीच्या तोंडातून रक्त पडू लागले होते. डोंगरातल्या हवेत थोडी विश्रांती घेऊन तो परत आला तो एकच मागणे घेऊन : मला कोठेही शिक्षक म्हणून काम द्या. अशा रीतीने तो बुर्गडॉर्फला आला.

डिस्लीच्या खोलीत ७३ मुले होती. तिचे जणू दोन भाग झाले. एका बाजूला जुना पंतोजी पुस्तकातील धडे घोकून घेई. दुसऱ्या बाजूला नव्याच्या हाती पुस्तकच नसे. तो ध्वनी मोठ्याने उच्चारी आणि सारी मुले एका सुरात ते म्हणत. तोंडाने अक्षरांच्या जोड्या म्हणत असतानाच मुलांचे हात पाटीवर रेषा, कोन, चौकोन काढीत असत. आधी डोळ्यांनी पाहावे, हाताने करावे, मग त्याला नाव द्यावे. न कळलेले शब्द पाठ करणे म्हणजे ज्ञान नव्हे, असे त्याचे मत होते. तो ओरडून ओरडून शिकवी, घामाघूम होई आणि कधी कधी वेळेचे भानही विसरून जाई.

डिस्लीला हे पाहवेना. त्याला केवळ दुष्ट ठरविणे योग्य होणार नाही. पंतोजीपणाच्या मिळकतीवर त्याच्या संसाराचा काही भार होता आणि आपली जागा बळकावण्यासाठीच सरकारने हा मनुष्य पाठविला आहे, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. परंतु समोरासमोर बोलून शंका फेडून घेण्याऐवजी त्याने वेगळी वाट धरली. नव्या शिक्षकाला लिहिता येत नाही, हिशेब येत नाही, नीट वाचताही येत नाही, आणि मुख्य म्हणजे तो मुलांना धर्माचे पाठ देत नाही, अशी कुजबुज वस्तीत सुरू झाली. ज्या आईबापांची मुले कालपर्यंत काहीच शिकत नव्हती, तेही आता चिंतेत पडले. त्यांनी एकत्र जमून ठराव केला, की ही नवी पद्धत चांगली असेल तर ती वरच्या वस्तीतील नागरिकांनी आपल्या मुलांवर चालवून पाहावी. आमच्या मुलांवर प्रयोग नकोत.

या शब्दांतील डंख पेस्टालॉझीला लागला. ज्या गरिबांसाठी त्याने घरदार उधळले, त्यांनीच त्याला दाराबाहेर काढले होते. आणखी एक गोष्ट त्याला अधिक बोचली असावी : कुजबुजीतील सगळेच काही खोटे नव्हते. आपले अक्षर वाईट आहे, आपल्याला हिशेब जमत नाही, हे तो स्वतःही मोकळेपणाने कबूल करीत असे. खोट्या आरोपाला उत्तर देता येते. अर्धवट खऱ्या आरोपापुढे मनुष्य मुका होतो.

गावातील दोनतीन वजनदार स्नेह्यांनी खटपट करून त्याला दुसऱ्या एका शाळेत जागा मिळवून दिली. तेथे एक बाई लहानग्यांना वाचन शिकवीत. पाच ते आठ वर्षांची सुमारे पंचवीस मुले त्याच्या वाट्याला आली. आता तो सर्वांत खालच्या वर्गाचा शिक्षक झाला होता. तरीही मन निश्चिंत नव्हते. येथूनही आपल्याला काढतील, ही भीती त्याला रोज वाटत असे. वर्गात कोणी अनोळखी मनुष्य डोकावला की तो बावरून जाई. परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने शिकविणे सोडले नाही. आठ महिन्यांनी, १८०० च्या मार्चअखेर, गावच्या शाळासमितीने या मुलांची परीक्षा घेतली. एवढीशी मुले वाचीत होती, लिहीत होती, चित्रे काढीत होती, हिशेब करीत होती. जे इतर शाळांत दोनतीन वर्षांत साधत नसे, ते येथे झाले होते. समितीने लेखी प्रशस्तिपत्र दिले आणि पेस्टालॉझीला मुलग्यांच्या वरच्या शाळेत नेमले. त्या वेळी त्याने वयाची ५४ वर्षे पूर्ण केली होती.

त्याच्या तेथील अध्यापनाची एक आठवण एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. वर्गाच्या भिंतीवरील जुना कागद जागोजाग फाटला होता. पेस्टालॉझी मुलांना त्या भिंतीपुढे उभे करी आणि दिसेल ते सांगावयास लावी. भोक दिसते, ते लांब आहे, त्यातून मागची भिंत दिसते, त्याच्या कडा फाटक्या आहेत. दोनदोन तास हा अभ्यास चाले. मुलांना तो कितपत रुचत असेल, कोण जाणे! पण पाहणे आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगणे हाही एक विषय आहे, हे त्यापूर्वी फारसे कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

त्याच वर्षी बुर्गडॉर्फच्या किल्ल्यात त्याने स्वतःची शाळा काढली. दुष्काळी भागातून पंचवीसएक मुले घेऊन आलेला क्रूझी हा तरुण शिक्षक त्याला येऊन मिळाला. पाठोपाठ आणखी सहकारी आले. १८०५ पासून ही शाळा इव्हर्दाँ गावच्या किल्ल्यात भरू लागली आणि तिची कीर्ती युरोपभर पसरली. दूरदूरच्या देशांतून लोक ती पाहावयास येत. पुढे बालोद्यानाचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेला फ्रोबेल येथेच दोन वर्षे राहिला.

आता त्याला कोण बोलणार, असे वाटते ना? पण सहकाऱ्यांचा ताप येथेही चुकला नाही. उलट तो वाढला. नीडरर हा विद्वान धर्मोपदेशक पेस्टालॉझीच्या विचारांना तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवी. आपलेच विचार मग आपल्याला ओळखू येत नाहीत, असे पेस्टालॉझी थट्टेने म्हणे. श्मिट हा डोंगरातून आलेला गरीब मुलगा येथेच शिकून गणिताचा उत्तम शिक्षक झाला. तो करडा, पण व्यवहारात हुशार होता. दोघांचे पटेना आणि शिक्षकांत तट पडले. १८०८ च्या वर्षारंभी पेस्टालॉझीने शाळेच्या प्रार्थनामंदिरात स्वतःची शवपेटी आणवून ठेवली आणि तिच्याशेजारी उभे राहून सर्वांपुढे आपल्या अपयशाची कबुली दिली. ऐकणारे गहिवरले, भांडण मात्र मिटले नाही. १८१० मध्ये श्मिट निघून गेला आणि बाहेरून शाळेवर टीका करू लागला. संस्थेचे हिशेब कोसळू लागले तेव्हा, १८१५ मध्ये, त्यालाच परत बोलवावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आन्ना वारली. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना धरून ठेवणारी ती एकटी होती.

पुढच्या वर्षी अनेक शिक्षकांनी एकदम शाळा सोडली. त्यांत पहिला सोबती क्रूझीही होता. १८१७ मध्ये नीडररने प्रवचन करता करता, सर्वांच्या समक्ष, पेस्टालॉझीशी आपला संबंध तोडल्याचे जाहीर केले. मग पैशांवरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि सात वर्षे चालल्या. यात पेस्टालॉझीचाही दोष होता. श्मिटवर त्याचा आंधळा विश्वास होता, आणि एका पक्षाला जवळ केल्याने दुसरा दुरावतो, हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही. प्रेमाने सर्व काही साधेल, असे तो मुलांच्या अनुभवावरून धरून चालला. मोठी माणसे त्या हिशेबात बसली नाहीत.

तरीही ७२ व्या वाढदिवशी, आपल्या समग्र ग्रंथांचे येणारे उत्पन्न त्याने गरिबांच्या शाळेसाठी जाहीर केले आणि १८१८ मध्ये ती शाळा इव्हर्दाँजवळ उघडलीही. तिच्यात शिकविताना तो पुन्हा तरुण झाल्यासारखा दिसे, असे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. १८२५ मध्ये सर्वच संस्था बंद पडली आणि ७९ वर्षांचा पेस्टालॉझी बिर्जवळच्या आपल्या जुन्या घरी परतला. तेथेही तो स्वस्थ बसला नाही. आपल्या आयुष्याचा आणि विचारांचा आढावा घेणारी पुस्तके त्याने लिहिली. त्यांतील जुन्या सहकाऱ्यांविषयीच्या मजकुराने राग पुन्हा उफाळला आणि त्याच्यावर कडवट टीका करणारे पुस्तक छापले गेले. त्याला उत्तर देण्यासाठी थोडे दिवस जगू द्या, अशी विनवणी आजारी पेस्टालॉझी वैद्यांजवळ करीत राहिला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्याचा अंत झाला. उत्तर लिहिले गेले नाही.

त्याच्या इच्छेप्रमाणे बिर् गावात, शाळेच्या घराशेजारी, त्याचे दफन करण्यात आले. दिवस थंडीचे होते. दूरच्या लोकांना पोहोचता आले नाही. आसपासच्या खेड्यांतील शिक्षक आणि शाळेतील मुले तेवढी हजर होती. १८४६ मध्ये त्याची जन्मशताब्दी आली, तेव्हा गावाच्या शाळेसाठी नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या भिंतीलाच त्याचे स्मारक जोडण्यात आले. भिंतीच्या एका अंगाला त्याची समाधी आणि दुसऱ्या अंगाला मुलांचे वर्ग.