पुराणिकाची लेक : पंडिता रमाबाईंच्या वाणीची घडण

पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) वक्तृत्वाचा विचार बहुधा त्यांच्या संस्कृत पांडित्याच्या अनुषंगाने केला जातो. ते पांडित्य ज्या जीवनपद्धतीतून आले, तिने त्यांच्या बोलण्याला कोणते वळण दिले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे उत्तर द्यावे लागले. रमाबाईंचा जन्म गंगामूळच्या वनाश्रमात झाला. त्या तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थाटनास निघाले. शाळा नाही, शेजार नाही, बाहेरच्या मुलांशी मिसळण्याची मुभा नाही. संस्कृत त्या आईच्या तोंडून शिकल्या. मराठी घरची, इतर भाषा वाटेवर कानी पडल्या तशा उचललेल्या. उपजीविका पुराणवाचनावर चाले. देवळात किंवा नदीकाठी बसून मोठ्याने संस्कृत वाचायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांनी फुले, फळे, पैसे ठेवायचे. अर्थ सांगितलाच पाहिजे असे नव्हते. श्रवणानेच पुण्य लाभते, ही वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची समान धारणा होती. स्त्रीने परपुरुषासमोर आवाज चढवू नये, हा संस्कार त्या काळच्या ब्राह्मण मुलींवर घरोघर होत असे. रमाबाईंच्या वाट्याला तो आलाच नाही. त्यांचे घरच चव्हाट्यावर होते.

दुष्काळी वर्षांत आईवडील गेल्यावर बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या पायी हिंडल्या आणि 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच नगरीत स्त्रियांना त्यांचा शास्त्रोक्त धर्म समजावून सांगण्याची विनंती त्यांना झाली. त्यासाठी धर्मशास्त्रे अर्थाच्या अंगाने वाचू लागताच, एरवी परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्यात एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानी आले. पठणाकडून अर्थाकडे त्या वळल्या त्या येथे. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या अकाली निधनानंतर 1882 मध्ये त्या पुण्यास आल्या, तेव्हा सुधारकांच्या घरी पुराण सांगतच त्यांनी स्त्रियांशी संबंध जोडला. सभेस जाणे ज्या घरांत निषिद्ध होते, तेथेही पुराणास जाणे रूढ होते. जुने माध्यम त्यांनी हेतुतः वापरले की सवयीने, हे सांगणे कठीण, बहुधा दोन्ही. आर्य महिला समाज त्याच वर्षी स्थापन झाला. हंटर आयोगापुढील त्यांची साक्षही मराठीतच झाली.

या संस्काराची खरी कसोटी इंग्लंडमध्ये लागली. 1883 साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न उपस्थित होताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर त्यामुळे त्यांचा प्रभाव नष्ट होईल, अशी त्यांची समजूत होती. लहानपणापासून पुरुषांच्या समुदायात बसून वाचणाऱ्या रमाबाईंना हा युक्तिवाद चमत्कारिक वाटला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट जाणवते : पूर्वपक्ष मांडून शंका उपस्थित करणे हा रमाबाईंना विद्याभ्यासाचा भाग वाटे, तर मठाच्या शिस्तीत वाढलेल्या गुरूला त्यात अहंकार दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. दोघींमध्ये स्नेह होता. पण एकीचे विचारणे दुसरीला उद्धटपणाचे वाटत राहिले.

1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्याभोवतीचा धर्मांतराचा वाद परिचित असल्याने त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने केडगावचे मुक्ती सदन अधिक महत्त्वाचे. 1897 मध्ये मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली तेथे आल्या; त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या. अशा श्रोत्यांसाठी रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द, विशेषतः हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले, त्यांनी निग्रहाने टाळले. मूळ भाषेतील शब्दक्रमाला चिकटून राहिल्याने त्यांची वाक्ये अनेक ठिकाणी अवघडली आहेत, हे मान्य करावे लागते. अर्थ न कळता ऐकून पुण्य मिळते, या समजुतीवर ज्या मुलीचे पोट भरले होते, तिला आता एकही शब्द न कळता ऐकला जावा हे मान्य नव्हते. 1921 साली कन्या मनोरमा गेली; काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण होत आले होते. मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून, ते 1924 मध्ये संपूर्ण छापून निघाले.