दिवा नको, नाइटिंगेलबाईंचा तक्ता पाहा!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली दयाळू बाई डोळ्यांसमोर येते. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना तेवढ्यावरच ठेवले. माणसाची मूर्ती केली की त्याचा विचार कोणालाच टोचत नाही, हा अनुभव आम्हाला नवा नाही. म्हणून या बाईंचे खरे काम काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका धनाढ्य इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुग्णसेवेचे काम तेव्हा हलके मानले जाई. घरच्यांचा विरोध मोडून त्या त्यात उतरल्या. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रुग्णालय कसले, बराकच ती! खाली तुंबलेली गटारे, भरून वाहणारे संडास, पाणी अपुरे, जिकडेतिकडे उवा आणि उंदीर. बाईंनी लोकवर्गणीच्या पैशातून ब्रश, साबण, कपडे आणले. एक घर भाड्याने घेऊन बॉयलर बसवले आणि सैनिकांच्या बायकांना मजुरी देऊन कपडे धुण्याची सोय केली. तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये हे प्रमाण शंभरी सुमारे ४२ होते!

मार्चमध्ये सरकारने स्वच्छता आयोग पाठवला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांनी दोनच प्रश्न धसाला लावले. पाणी येते कोठून आणि घाण जाते कोठे? पाण्याच्या मार्गातच मेलेला घोडा निघाला. शेकडो हातगाड्या कचरा उचलला गेला, गटारे धुतली, भिंतींना चुना लागला, हवा खेळती झाली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी दोनच्या आसपास आले. हिवाळा ओसरला, गर्दी घटली, याचाही वाटा त्यात होता. पण परिचारिका त्याच होत्या आणि दिवाही तोच होता, हे विसरता येत नाही.

बाईंचे खरे मोठेपण पुढे दिसते. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत त्यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला. १८५७ मध्ये कळले की आघाडीजवळच्या दवाखान्यांपेक्षा त्यांच्या स्कुटारीतच जास्त माणसे मेली. त्यांनी हा आकडा दडवला नाही. सरकारने अहवाल दाबून ठेवला, तेव्हा स्वतः प्रती छापून वाटल्या. स्वतःच्याच विरुद्ध जाणारी कबुली पुराव्यात किती वजनदार असते, हे आम्ही वकील जाणतो. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना पहिली स्त्री सदस्य करून घेतले. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, हा आग्रह त्यांनी आजारपणात अंथरुणावरून धरला.

त्या भारतात कधीच आल्या नाहीत. पण येथील लष्करी ठाण्यांना पाणी, संडास, निचरा यांविषयी छापील प्रश्नावली गेली, आणि आलेल्या उत्तरांची त्यांनी झाडाझडती घेतली. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत, असे १८६३ च्या शाही आयोगाने नोंदवले. दहा वर्षांनी बाईंनी मांडलेला आकडा १८ होता. सुरुवातीची काळजी गोऱ्या शिपायाची होती, हे आम्ही झाकणार नाही. नंतर मात्र भोवतालचे गाव घाणीत असेल तर छावणी निरोगी राहत नाही, हे त्यांनी ओळखले आणि म्हातारपणापर्यंत खेड्यांच्या पाण्यासाठी लिहीत राहिल्या. छावणीतले संडास उपसायचे काम मात्र जातीच्याच माथी राहिले. कोणत्याही प्रश्नावलीने ते हलवले नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी बाई गेल्या. त्यांचे प्रश्न आज जागतिक आरोग्य संघटनेच्या 'वॉश फिट' तक्त्यात आहेत. त्यात सफाई कामगाराच्या हातमोज्यांचाही विचार आहे. आपल्याकडे २०१५ पासून 'कायाकल्प' योजनेत सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेचे गुण मिळतात. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात, सरकारी रुग्णालयांबाबतच, सांगितले आहे. तेव्हा आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाचे गुणपत्रक माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. आणि सफाई कामगाराला हातमोजे कोणत्या तारखेला दिले, याची नोंद सोबत मागायला विसरू नका.