गोसेवेला विज्ञानाची जोड देणारे मणिभाई देसाई

सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी २७ एप्रिल १९२० रोजी मणिभाई देसाई यांचा जन्म झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा तरुण स्वातंत्र्यलढ्यात उतरला. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम स्थापन केला आणि त्याची धुरा मणिभाईंवर सोपवली. त्यांनी तेच गाव आजन्म कर्मभूमी मानले. मातृभाषा गुजराती असूनही ते मराठी मातीशी एकरूप झाले. गावातील मुलांसाठी त्यांनी महात्मा गांधी विद्यालय उभे केले.

आश्रमातील गीर गाईंच्या संगोपनातून त्यांचा पशुसंवर्धनाचा अभ्यास सुरू झाला. पशुवैद्यकाची पदवी नव्हती; गोठा हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली. गावठी गाय अल्प दूध देई, आणि तिला पोसणे गरिबाला जड जाई. उत्तम वळू गावोगावी पोचवणे अशक्य होते. परंतु द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवलेले वीर्य दूरवर नेता येते. १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था स्थापून मणिभाईंनी हे विज्ञान शेतकऱ्याच्या दारी नेले. जर्सी व होल्स्टीन जातींशी होणाऱ्या संकराविषयी मतभेद होते. तरीही संकरित कालवड अनेक कुटुंबांचा आधार बनली.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते निवर्तले. ज्ञान गरजवंताच्या अंगणी पोचले तरच ते सार्थ, हाच त्यांच्या जीवनाचा धडा होय.