दम्याने त्रासलेल्या सफाई कामगाराने बनवला व्हॅक्यूम क्लीनर. घरात कुत्रा-मांजर असेल तर कोणता घ्याल?

नांदेड-लातूरच्या फ्लॅटमध्ये कुत्रा-मांजर पाळलं की झडणाऱ्या केसांचा प्रश्न आलाच. झाडू मारला की केस उडतात, धूळ नाकात जाते. अमेरिकेतील जेम्स स्पँग्लर (जन्म १८४८) यांचाही हाच त्रास होता. कँटन शहरातील एका दुकानात ते सफाईचं काम करायचे, धुळीने दमा वाढायचा. १९०७ मध्ये त्यांनी पंख्याची मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. पुढे ते हूवर यांनी विकत घेतलं. १९१५ मध्ये स्पँग्लर यांचं निधन झालं.

खरेदीवेळी आजही त्याच दोन गोष्टी पाहा : सोफा-गालिच्यातले केस ओढणारा फिरता ब्रश आणि अभ्र्याच्या जागी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर फिल्टरबाबत तडजोड नको.