सहा ठिपक्यांचे ऋण

अपंगांसाठी झटणाऱ्यांचा गौरव करण्यास समाजाला नेहमीच उशीर का व्हावा, हा प्रश्न लुई ब्रेल यांचे चरित्र आठवले की आम्हांस पडतो. फ्रान्समधील कूव्रे गावी १८०९ साली एका खोगीर करणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले. तिसऱ्या वर्षी वडिलांची आरी डोळ्यात घुसली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असता, शार्ल बार्बिये यांच्या बारा ठिपक्यांच्या लिपीवरून त्यांनी पंधराव्या वर्षी बोटाच्या एका स्पर्शात मावणारी सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. तरीही शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, क्षयाने त्यांचे निधन झाल्यावर दोन वर्षांनी! १९५२ मध्ये राष्ट्राने त्यांच्या अस्थी पॅरिसमधील थोर पुरुषांच्या समाधिस्थानी नेल्या. हात मात्र कूव्रेनेच राखून ठेवले. आज अंध वाचक मराठीही त्याच सहा ठिपक्यांत वाचतात. शाल-श्रीफळास आमची हरकत नाही; परंतु अशा माणसाचे कार्य त्याच्या हयातीत स्वीकारणे, हाच त्याचा खरा सन्मान होय.