फ्रान्सिस पर्किन्स : म्हातारपणाची काठी देणारी मंत्री



२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल या शिलाई कारखान्याला आग लागली. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता आणि बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ कामगारांचा बळी गेला. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. कित्येकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. रस्त्यावरून हे पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या.

त्यांचा जन्म १८८० साली बोस्टन येथे झाला. आगीनंतर त्यांनी कारखान्यांच्या तपासणीचे काम हाती घेतले. आमदारांना थेट कारखान्यांत नेऊन तिथली परिस्थिती दाखवली. त्यातून न्यूयॉर्क राज्यात कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे झाले.

घरी मात्र वेगळीच परीक्षा होती. पती मानसिक आजाराने खचले आणि संसाराचा भार फ्रान्सिस यांच्यावर आला. कमावता माणूस आजारी पडला की घराचे काय होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

१९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना मजूरमंत्री केले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. तेव्हा महामंदी होती. चारांपैकी सुमारे एक कामगार बेकार होता, बँका बुडून म्हाताऱ्यांची पुंजी गेली होती. पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने योजना आखली आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायदा झाला. १९३७ पासून कामगाराच्या पगारातून शेकडा एक आणि मालकाकडून तेवढीच रक्कम जमा होऊ लागली. १९४० पासून निवृत्तांना दरमहा पेन्शन सुरू झाले. बेकारांसाठी भत्त्याची सोयही याच कायद्याने झाली.

कायदा अपुराही होता. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. त्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. या कामगारांना पेन्शनचे दार १९५० नंतर हळूहळू उघडले. पर्किन्स यांना हवा असलेला आरोग्यविमाही विरोधामुळे बाजूला राहिला. १४ मे १९६५ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी वृद्धांच्या आरोग्यविम्याचा कायदा संमत झाला.

आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ साली झाला. आई-बाबांच्या पगारातून तो कापला जात असेल, तर त्यांच्याकडून त्याचा हिशेब समजून घ्या. आज बाजूला ठेवलेला रुपया उद्याच्या म्हातारपणाची काठी असतो. आणि ज्यांच्या पगारातून असे काहीच कापले जात नाही, त्यांच्या म्हातारपणाचे काय, हाही प्रश्न घरी जरूर विचारा.